आवाज न चढविणारा गायक : आर्थर अलेक्झांडर

बीटल्स या इंग्रज चौकडीचे नाव ठाऊक नसलेला वाचक आज विरळाच. त्यांची पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका ‘प्लीज प्लीज मी’ मार्च १९६३ मध्ये निघाली. तिच्यात १४ गाणी होती, आणि त्यांपैकी ८ त्यांची स्वतःची, तर उरलेली ६ इतरांची होती. तबकडीवरचे तिसरेच गाणे ‘अ‍ॅना’. हे गाणे जॉन लेननचेच, अशी पुष्कळांची समजूत असते; पण गीतकार म्हणून तेथे ‘अलेक्झांडर’ एवढेच आडनाव छापलेले आढळते. हा अलेक्झांडर म्हणजे अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील शेफील्ड गावचा कृष्णवर्णीय गायक आर्थर अलेक्झांडर. बीटल्स, रोलिंग स्टोन्स आणि बॉब डिलन या तिघांनीही ज्याच्याशी नाते असलेली गाणी आपल्या ध्वनिमुद्रिकांत घेतली, असा दुसरा गायक-गीतकार शोधून सापडणे कठीण.

त्याच्याविषयी जे थोडेफार लिहिले जाते, त्याचा आरंभ बहुधा याच वाक्याने होतो आणि शेवट तो क्लीव्हलँड शहरात बस चालवीत असे, या वाक्याने. थोरांनी ज्याची गाणी उचलली असा बिचारा उपेक्षित, अशी ती मांडणी असते. या मांडणीतील तपशील खरे आहेत. तिचा रोख मात्र मला मान्य नाही. इतरांनी त्याची गाणी गायिली यावरून त्याचे मोल ठरवणे म्हणजे मूळ चित्र बाजूला सारून त्याच्या प्रती मोजत बसणे होय. अलेक्झांडरच्या गाण्यात एक गोष्ट अशी आहे की, ती त्याच्या नामवंत अनुकरणकर्त्यांपैकी कोणालाही पुरती साधली नाही. या लेखात तिचाच विचार करावयाचा आहे.

त्याचा जन्म १० मे १९४० चा. टेनेसी नदीच्या काठी शेफील्ड, फ्लॉरेन्स, टस्कंबिया आणि मसल शोल्स अशी चार लहान गावे एकमेकांना खेटून वसलेली आहेत. वडील गिटार वाजवीत, आणि तीही बाटलीची मान तारांवरून फिरवून सूर ओढण्याच्या जुन्या ब्लूज पद्धतीने. शाळकरी वयात आर्थर भक्तिगीते गाणाऱ्या एका गटात सामील झाला. परंतु त्याच्या कानावर केवळ चर्चचे आणि ब्लूजचेच संस्कार झाले असे नाही. जीन ऑट्रीसारख्या गाणाऱ्या घोडेस्वारांचे चित्रपट आणि रेडिओवरील गोऱ्यांचे ग्रामीण संगीत, ज्याला तिकडे ‘कंट्री’ म्हणतात, यांचीही त्याला मनापासून गोडी होती. हा मुद्दा ध्यानात ठेवावा; पुढे त्याचे काम पडणार आहे.

‘रिदम अँड ब्लूज’ या नावाचा इतिहासही येथे थोडक्यात सांगितला पाहिजे. कृष्णवर्णीयांच्या ध्वनिमुद्रिकांची विक्री अमेरिकेत वेगळ्या यादीत दाखवीत, आणि त्या यादीचे शीर्षक ‘रेस रेकॉर्ड्स’, म्हणजे एका विशिष्ट वंशाच्या तबकड्या, असे होते. १९४९ साली ‘बिलबोर्ड’ या व्यापारी साप्ताहिकात काम करणाऱ्या जेरी वेक्स्लरने त्याऐवजी ‘रिदम अँड ब्लूज’ हा शब्दप्रयोग सुचविला आणि तो रूढ झाला. नाव सभ्य झाले, यादी वेगळी ती वेगळीच राहिली. अलेक्झांडरची सारी कारकीर्द या दोन याद्यांमधल्या चिंचोळ्या पट्टीत झाली, असे म्हटले तरी चालेल.

फ्लॉरेन्स गावात एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर टॉम स्टॅफर्ड नावाचा एक हौशी तरुण गाणी लिहिणाऱ्यांना जमवीत असे. ही सगळी गोरी मुले. हॉटेलात सामान वाहण्याचे काम करणारा आर्थर त्यांच्यात आला आणि १९६० साली त्याची पहिली तबकडी निघाली. तिच्यावर त्याचे नाव ‘जून अलेक्झांडर’ असे होते. ‘ज्युनिअर’चे ते घरगुती रूप. ‘सॅली सू ब्राउन’ हे ते गाणे फारसे चालले नाही. अठ्ठावीस वर्षांनी, १९८८ साली, डिलनने ते गायिले.

खरी कथा सुरू होते ती १९६१ मध्ये. स्टॅफर्डपासून वेगळा झालेला रिक हॉल हा तरुण मसल शोल्सजवळच्या विल्सन डॅम रस्त्यावरील एका जुन्या वखारीत ध्वनिमुद्रणाची जुळवाजुळव करीत होता. तेथे अलेक्झांडरने स्वतः रचलेले ‘यू बेटर मूव्ह ऑन’ गायिले. साथीला नॉर्बर्ट पटनम, डेव्हिड ब्रिग्ज, जेरी कॅरिगन, टेरी थॉम्पसन अशी स्थानिक गोरी पोरे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात याच अलाबामा राज्यात ॲनिस्टनजवळ, काळे आणि गोरे उतारू शेजारीशेजारी बसून प्रवास करतात म्हणून, एक बस पेटवून देण्यात आली होती, हे आठवले म्हणजे त्या वखारीतील दृश्याचे महत्त्व कळते. तेथे कोणी घोषणा दिली नाही, कोणी समतेवर भाषण केले नाही. एका कृष्णवर्णीयाने गायिले, गोऱ्या मुलांनी साथ केली, आणि दोहोंच्या संगीताची मुळे कुठे कुठे एकच आहेत हे फितीवर उतरले.

हॉल ती फीत घेऊन नॅशव्हिलला गेला. अनेक कंपन्यांनी नाकारल्यावर डॉट कंपनीने ती घेतली, आणि १९६२ च्या आरंभी हे गाणे अमेरिकेच्या सर्वसाधारण यादीत २४ व्या क्रमांकापर्यंत चढले. त्या पैशातून हॉलने आपला नवा स्टुडिओ उभारला. त्याचे नाव ‘फेम’. पुढे विल्सन पिकेट, एटा जेम्स, अरिथा फ्रँकलिन असे दिग्गज तेथे येऊन गायिले आणि चार गावांच्या त्या परिसराचे नाव जगभर झाले. म्हणजे इमारतीचा पाया अलेक्झांडरच्या गाण्याचा. पण त्या इमारतीत त्याला खोली मिळाली नाही. डॉट कंपनीने त्याच्या पुढील ध्वनिमुद्रणांसाठी त्याला नॅशव्हिलला नेले.

आता प्रत्यक्ष गाण्याकडे वळू. ‘यू बेटर मूव्ह ऑन’मधील प्रसंग साधा आहे. आपल्या प्रियेवर एका श्रीमंत तरुणाचा डोळा आहे आणि नायक त्या तरुणाशी बोलतो आहे. या गाण्यामागे आपल्याच आयुष्यातील एक अनुभव होता, असे अलेक्झांडरने पुढे सांगितले. आता अशा प्रसंगी गायकाने काय करावे अशी आपली अपेक्षा असते? आवाज चढवावा, धमकावावे, निदान विनवावे तरी. अलेक्झांडर यांतले काहीच करीत नाही. तो आधी प्रतिस्पर्ध्याची बाजू समजून घेतो; तिच्यावर प्रेम जडले यात तुझा दोष नाही, असे त्याला सांगतो; तिला उंची वस्त्रे देण्याची ऐपत तुझी आहे हेही मान्य करतो. आणि मग, तितक्याच सौजन्याने, तू आता जावेस हे बरे, असे सुचवितो. शेवटी आपल्याला राग येऊ लागला आहे असे तो म्हणतो खरे, पण तो फक्त *म्हणतो*. राग आवाजात शिरू देत नाही. शब्द आणि स्वर यांतील या अंतरातच गाण्याचे सारे बळ आहे. श्रोत्याला धाक वाटतो तो रागाचा नव्हे, आवरलेल्या रागाचा. अलाबामातील कृष्णवर्णीय तरुणाला आवाज चढविण्याची मुभा कितपत होती, हा प्रश्नही येथे मनात आल्यावाचून राहत नाही. सौजन्य हा त्याचा स्वभाव होता की कवच, हे गाणे ऐकून ठरविता येत नाही. दोन्ही असावे असे मला वाटते.

‘अ‍ॅना’ हे त्याच वर्षीचे गाणे. येथे बाजू उलटली आहे. प्रेयसी मोकळे होऊ पाहते, कारण दुसऱ्या कोणाचे तिच्यावर अधिक प्रेम आहे. नायक तिला अंगठी परत मागतो आणि जायला सांगतो. पहिल्या गाण्यात त्याने प्रतिस्पर्ध्याला वाट दाखविली, दुसऱ्यात तो स्वतः वाटेतून दूर होतो. आणि दोन्हीकडे स्वर एकच, मध्यम पट्टीतला, किंचित कातर, कोठेही न फुटणारा. मधल्या कडव्यात, आपल्यासारखेच प्रेम करणारी कोणी आयुष्यभर भेटली नाही असे तो सांगतो. सूर तेथे वर चढतो. पण तो चढ चालीचा आहे, गायकाच्या आक्रोशाचा नव्हे. ‘गो होम गर्ल’ या तिसऱ्या गाण्यात मित्राची प्रेयसी दारात आली आहे. तिच्यावर आपले मन बसले असूनही तो तिला घरी परत जायला सांगतो. तिन्ही गाण्यांत कोणीतरी निघून जावे असे तो म्हणत असतो. ज्याच्या प्रत्येक गाण्यात सदसद्विवेकबुद्धी एक पात्र म्हणून वावरते असा प्रेमगीतांचा रचनाकार मला तरी दुसरा चटकन आठवत नाही.

रिदम अँड ब्लूजच्या पोटातून ज्याला ‘सोल’ म्हणतात तो प्रकार नेमका याच वर्षांत आकाराला येत होता. त्याचे मोठे गायक चर्चमधून आले आणि प्रवचनकाराची हाक, मंडळीचा प्रतिसाद, आवेगाने फाटत जाणारा आवाज हे सारे त्यांनी प्रेमगीतात आणले. ते थोरच आहेत. परंतु त्यांच्यामुळे एक मापही रूढ झाले: ज्याचा आवाज अधिक फाटतो त्याचे दुःख अधिक खरे. या मापाने अलेक्झांडर तोकडा ठरतो आणि म्हणूनच सोल संगीताच्या इतिहासांत त्याला अनेकदा आरंभीचा एक परिच्छेद देऊन मंडळी पुढे सरकतात. आपल्या वाचकांना वेगळा दाखला द्यावयाचा तर असे म्हणेन की, व्यासपीठावरून दिलेली हाक हे धर्मानुभवाचे एक रूप झाले. पापनिवेदनाच्या जाळीआड हलक्या आवाजात उच्चारलेले वाक्य हे दुसरे. अलेक्झांडरचे गाणे या दुसऱ्या जातीचे आहे. आणि हा संयम त्याला बऱ्याच अंशी त्या ‘कंट्री’ संगीतातून मिळाला, जेथे गायक गोष्ट सांगतो आणि रडण्याचे काम ऐकणाऱ्यावर सोपवितो.

आता अनुकरणांविषयी. बीटल्सनी ११ फेब्रुवारी १९६३ रोजी एका दिवसात त्या दीर्घ ध्वनिमुद्रिकेतील बहुतेक गाणी ध्वनिमुद्रित केली, ‘अ‍ॅना’ त्यांतलेच. मूळ गाण्यात फ्लॉइड क्रेमरने पियानोवर वाजविलेली छोटीशी लकेर जॉर्ज हॅरिसनने गिटारवर जशीच्या तशी उचलली आहे. किती प्रेमाने त्या मुलांनी ती तबकडी ऐकली असेल, हे त्यावरून कळते. लेननला त्या दिवशी सर्दी झाली होती. मधल्या कडव्यात त्याचा आवाज ताणतो, खरवडतो, आणि ऐकणाऱ्याच्या काळजाला भिडतो. पण तेथेच गाणे बदलते. लेननचा नायक तिला जायला सांगतो आणि त्याच वेळी ती थांबेल अशी आशा धरतो. अलेक्झांडरच्या नायकाने ती आशा गाणे सुरू होण्याआधीच सोडलेली आहे. लेनन विशीतला तरुण म्हणून गातो. अलेक्झांडरही तेव्हा विशीतलाच होता, लेननपेक्षा अवघ्या पाच महिन्यांनी मोठा, पण गाणे ऐकताना हे खरे वाटत नाही. रोलिंग स्टोन्सनी १९६४ च्या आरंभी ‘यू बेटर मूव्ह ऑन’ गायिले ते बरेचसे मूळाला धरून आहे. मिक जॅगरने एरवीचा उर्मटपणा बाजूला ठेवलेला जाणवतो. मात्र तो सभ्यपणा अंगात चढविलेल्या सदऱ्यासारखा वाटतो. या गाण्यापुरता त्याने तो घातला आहे.

या साऱ्याचा अर्थ अलेक्झांडरचे सर्वच काम उत्तम आहे असा नव्हे. नॅशव्हिलमधील ध्वनिमुद्रणांत ‘अ‍ॅना’ आणि ‘सोल्जर ऑफ लव्ह’ यांसारखी थोडी रत्ने सापडतात. उरलेल्या पुष्कळशा जागी मागे गोड कोरस आणि व्हायोलिने पसरून ठेवलेली आहेत. १९६२ च्या दीर्घ ध्वनिमुद्रिकेत त्या काळी गाजत असलेली इतरांची गाणी त्याच्याकडून गाऊन घेतली, हे तर व्यापाराचे सरळ हिशेब होते. दुसऱ्याच्या शब्दांत तो अनेकदा हरवल्यासारखा वाटतो. त्याच्या आवाजाचा पल्ला मोठा नव्हता. चाल त्याच्या बोलण्याच्या लयीला जुळली की तो अजोड, नाही जुळली की सामान्य. जो गायक आवाजाच्या करामतीवर उभा नसतो त्याला गाण्याची निवड चुकणे फार महाग पडते.

‘अ‍ॅना’ कृष्णवर्णीयांच्या यादीत १० व्या क्रमांकावर गेले, पण सर्वसाधारण यादीत ६८ वरच थांबले. त्यानंतर उतरण. साठच्या दशकाच्या मध्यास त्याचे शरीरस्वास्थ्य आणि मनःस्वास्थ्य दोन्ही ढासळले. कंपन्या बदलल्या, तबकड्या निघत राहिल्या, विकल्या गेल्या नाहीत. गाणी परदेशांत गाजत होती, पण त्यांतून त्याच्या हाती आले ते फारच थोडे. १९७२ साली वॉर्नर ब्रदर्स कंपनीने त्याच्याच नावाची एक सुरेख दीर्घ ध्वनिमुद्रिका काढली. तिच्यात डेनिस लिंडचे ‘बर्निंग लव्ह’ होते. तेच गाणे त्याच वर्षी एल्व्हिस प्रेस्लीने गायिले आणि ते २ ऱ्या क्रमांकावर जाऊन पोहोचले. पुन्हा तेच! १९७५ मध्ये स्वतः रचलेले ‘एव्हरी डे आय हॅव टु क्राय सम’ हे गाणे त्याच्या स्वतःच्या आवाजात ४५ व्या क्रमांकावर आले. ते गाणे त्याआधी बारा-तेरा वर्षे इतर लोक गात होते.

पुढे त्याने संगीताचा व्यवसायच सोडला. क्लीव्हलँडमध्ये एका समाजसेवा केंद्राची बस तो चालवू लागला. येथे चरित्रकारांचा आणि वृत्तपत्रांचा कंठ दाटून येतो. अन्याय झाला हे निर्विवाद आहे आणि गीतकाराच्या कष्टाचा पैसा त्याच्यापर्यंत न पोहोचणे ही चोरीच होय. तिला नशीब म्हणून मोकळे होता येणार नाही. तरीही बस चालविणे म्हणजे अधःपात, हे गृहीतक कोठून आले? रोज ठरल्या वेळी ठरल्या माणसांना घेऊन जाणे आणि सुखरूप परत आणणे हे काम लाजिरवाणे कसे? बारमध्ये रात्री गाऊन, व्यवस्थापकांच्या मागे धावून जे स्थैर्य त्याला मिळाले नव्हते ते या नोकरीत मिळाले. ज्याने सगळ्या गाण्यांत ‘आता निघावे हे बरे’ असेच सांगितले होते, त्याने एके दिवशी ते स्वतःला सांगितले, असेच मला त्या निर्णयाकडे पाहताना वाटते. दया दाखविणाऱ्यांना हे दिसत नाही, कारण त्यांच्या लेखी गायकाचे आयुष्य टाळ्यांबरोबर सुरू होते आणि टाळ्यांबरोबर संपते.

नव्वदीच्या आरंभी काही चाहत्यांनी त्याला पुन्हा शोधून काढले. संगीतकार बेन व्हॉन याच्या निर्देशनाखाली नॅशव्हिलमध्ये नवी ध्वनिमुद्रिका तयार झाली: ‘लोनली जस्ट लाइक मी’. डॅन पेन, स्पूनर ओल्डहॅम, डॉनी फ्रिट्स हे मसल शोल्सचे जुने सोबती तिच्यात आहेत. १९९३ च्या वसंतात ती बाहेर आली. ‘गो होम गर्ल’ आणि ‘एव्हरी डे आय हॅव टु क्राय’ त्याने येथे पुन्हा गायिली. आवाज जरा जाड झाला आहे, श्वास आखूड झाला आहे, पण पूर्वी मागे पसरून ठेवलेला गोडवा आता काढून टाकला आहे. ‘गो होम गर्ल’च्या पहिल्या ध्वनिमुद्रणात नायक मोहाशी झगडतो आहे असे वाटते, तीस वर्षांनंतरच्या ध्वनिमुद्रणात झगडा आटोपलेला आहे, आणि तो त्या मुलीला घरी पाठवितो ते तिच्या काळजीपोटी. शब्द तेच, अर्थ मात्र वयाबरोबर सरकला आहे. ‘इन द मिडल ऑफ इट ऑल’ हे गाणेही येथे ऐकावे, शक्य तर रात्री आणि एकट्याने.

समीक्षकांनी या ध्वनिमुद्रिकेचे मनापासून स्वागत केले. बोलावणी येऊ लागली. ९ जून १९९३ रोजी नॅशव्हिलमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने आर्थर अलेक्झांडरचे निधन झाले. वय ५३.

पुढच्या वर्षी अनेक गायकांनी मिळून त्याच्या गाण्यांची एक श्रद्धांजलीपर ध्वनिमुद्रिका काढली. रॉबर्ट प्लँट, रॉजर मॅग्विन, जॉन प्राइन अशी मोठी नावे तिच्यात आहेत आणि प्रत्येकाने जीव ओतून गायिले आहे. काहींनी तर जरा जास्तच. त्यांतल्या त्यात निक लोवने ‘इन द मिडल ऑफ इट ऑल’ गायिले आहे ते मला सर्वांत जवळचे वाटते. त्यात तो जवळजवळ काहीच करीत नाही. सूर लागतो, शब्द येतात, आणि गाणे संपते.